डावखुऱ्याचं टेबल

माझा दादा डावखुरा शिंपी होता आणि त्याचं अख्खं दुकानच डावखुरं होतं. कापड बेतायचं टेबल असं मांडलेलं की खिडकीचा उजेड उजवीकडून यावा. टेप, खडू, टाचण्या, सगळं डाव्या हाताशी. कात्रीसुद्धा खास डाव्या हाताची. उजव्या हातात धरली तर कापड कापायची नाही, चावायची. त्या टेबलाला दुसऱ्या कुणी हात लावलेला दादाला खपत नसे. त्यामुळे लग्नाआधी माहेरच्या सगळ्या गोतावळ्याचे कपडे बेतणारी माझी वहिनी त्या दुकानात वर्षानुवर्षं काज-बटणं करत बसली.

दादा अचानक गेला. वहिनीने दुकान पुन्हा उघडलं ते त्याच्याच जागी उभं राहून, डाव्या हातात त्याची कात्री धरून. आणि ही बाई जेवते उजव्या हाताने, लिहिते उजव्या हाताने!

"वहिनी, हे काय खूळ घेतलंस डोक्यात?"

"होईल सवय," ती म्हणाली. "त्यांचं काही हलवायचं नाही, वन्सं. नाहीतर मग उरलं काय?"

मी तशी तोंडाळ, पण तेव्हा टाचण्यांची डबी उचलून तिच्या डाव्या हाताशी सरकवली. खरं सांगायचं तर मलाही ते बरं वाटलं होतं. दुकानात शिरलं की दादा आत्ताच उठून बाहेर गेलाय असं वाटायचं.

सवय काही होईना. मनगट सुजलं. गळे वाकडे, एक बाही लांब तर दुसरी आखूड. गिऱ्हाइकं भली, तोंडावर कुणी बोललं नाही, नुसती यायची थांबली. मी मात्र येता-जाता तिचं डोकं खायचे. "तुझा हात चांगला आहे गं, तो वापर ना!" ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. दुकान बंद पडायची वेळ आली तरी तिचं तेच.

मग एकदा शेजारचे घड्याळवाले दारावरून गेले. दादाचे जिवलग दोस्त. त्यांचे सगळे कोट दादाने शिवलेले. वहिनीने डाव्या हाताने बेतलेला कोट त्यांनी मुकाट्याने नेला होता, पण तो अंगावर कधी दिसला नाही. आज त्यांच्या अंगात बाजारातला तयार कोट होता. आम्ही पाहिलं हे बघून बिचारे ओशाळले आणि हवापाण्याचं काहीतरी बोलायला लागले. वहिनी नीट हसून बोलली. ते गेल्यावर तिने कात्री खाली ठेवली.

"वन्सं, टेबल जरा धरता का?"

टेबल कसलं, धोंडच ती. दोघींनी धापा टाकत ते ढकललं. दादा उभा राहायचा तिथली फरशी झिजून गुळगुळीत झाली होती. इतके दिवस मीच वहिनीच्या मागे लागले होते, आणि आता मीच त्या फरशीवर जाऊन उभी राहिले.

"सरका, वन्सं," ती हळूच म्हणाली.

मी सरकले. टेबल फिरलं, उजेड डावीकडून आला. वहिनीने माहेरची कात्री काढली आणि कापड सरसर कापत गेली. मला रडू आवरेना.

"डोळे पुसा आधी," ती म्हणाली. "या कापडावर डाग पडतात."

कुणी न सांगता तिने घड्याळवाल्यांचा कोट शिवला आणि मला त्यांना बोलवायला पाठवलं. त्यांनी तो अंगात घातला. दादाच्या कोटाचा डावा खांदा नेहमी थोडा ओढायचा. ते सगळ्यांना माहीत होतं, कुणी कधी बोललं नव्हतं. हा कोट ओढत नव्हता. घड्याळवाल्यांनी हात वर केले, खाली केले, पाठमोरं होऊन आरशात बघितलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. दोस्ताबद्दल कसं बोलणार? वहिनी मान खाली घालून टेप गुंडाळत राहिली. तिला ते ऐकायचंही होतं आणि ऐकून सोसणारही नव्हतं. दादाच्या रक्ताचं असं तिथे मीच होते. बोलायचं तर मलाच बोलायला हवं होतं.

"दादाच्यापेक्षा छान बसलाय," मी म्हटलं.

वहिनी मटकन स्टुलावर बसली. दादा गेल्यापासून तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, ती आता ढसाढसा रडली.

"खरंच?" तिने विचारलं.

"खरंच," मी म्हटलं. माझ्यापुरता दादा त्या दिवशी गेला.