माझ्या प्रोग्रामवर दुसऱ्याचं नाव

"कोट्यातून येता, आणि आमचा प्रोग्राम सुधारता?"

सरांनी माझे छापील कागद अख्ख्या लॅबसमोर धरले आणि टेबलावर आपटले. पोरं हसली. मी डोणगावच्या बौद्ध मजुराची पोरगी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मान खाली घातली. कागद सरांनी ठेवून घेतले.

सरांनी वर्गाला लिंक्ड लिस्टचा प्रोग्राम दिला होता. नोंदींची साखळी. पण प्रत्येक कडी, म्हणजे नोड, उघडी. बाहेरच्या कुणीही आत हात घालावा, मधली कडी सोडावी, की पुढच्या नोंदी गायब. मोजणी मात्र जुनीच दाखवायची. मी चार दिवस त्यावर बसले. कड्या क्लास नावाच्या कोडच्या कप्प्यात प्रायव्हेट केल्या, म्हणजे बाहेरून बंद. जोडणं, काढणं, मोजणं क्लासनंच करायचं. बाहेरच्यानं फक्त सांगायचं. मग काही केल्या ती साखळी तुटेना.

घरी माय म्हणाली, "काऊन वं, जेवून नाही राह्यली?"

काय सांगणार तिला?

महिन्याभरानं बाहेरचे परीक्षक आले. सरांनी वर्गातला सर्वात चांगला प्रोग्राम म्हणून एक पडद्यावर लावला. ओळ न् ओळ माझी. वर नाव एका बड्या जमीनदाराच्या पोराचं.

परीक्षकांनी त्याला विचारलं, "नोड प्रायव्हेट का केला?"

तो सरांकडे पाहू लागला. सरांनी माझ्याकडे बघून डोळे वटारले.

 तरी मी उठले.

"सर, ते म्या लिहेलं हाय. मले सांगू द्या."

वऱ्हाडीच निघालं तोंडातून. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी थांबले नाही. फळ्यावर साखळी काढली, उघडी कडी कशी सुटते ते दाखवलं. परीक्षक "बरोबर" म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला. नाव तसंच राहिलं.

दुपारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. कोरा कागद पुढे सरकवला.

"उद्धटपणा केला, माफ करा, असं लिही. नाहीतर नापास."

मी लिहिलं. हा प्रोग्राम माझा आहे, चौकशी करा. खाली सही केली. सरांच्या हातात न देता थेट प्राचार्यांच्या कार्यालयात दिला. शिक्क्याची पोच मागून घेतली.

नापास झाले. पुन्हा बसले, पास झाले. चौकशी झाली नाही.

आता मी नोकरी करते. दर वर्षी कॉलेजला स्मरणपत्र पाठवते. "जाऊ दे ना वं, किती वर्षं झाली," मैत्रिणी म्हणतात.

नाही जाऊ देणार. लेखी उत्तर येईपर्यंत पाठवत राहणार. माफी मात्र मी लिहिणार नाही.