विलासदादाची पळती फळी

"आत्या, पप्पा गेले," एवढंच दादाचा सागर फोनवर बोलला... मी नगरच्या दवाखान्यात ड्युटीवर होते. नर्सचं काम करताना मी किती घरांना ही बातमी सांगितली असेल, पण ती ऐकायची कशी असते ते मला त्या दिवशी कळलं. मिरजगावला पोचेपर्यंत रडले नाही. घरात शिरले, दाराशी टेकवलेली दादाची फळी दिसली, आणि मग मला धरायला दोन बायका लागल्या. आता महिना उलटलाय. रडून झालंय. आता राग येतोय, कारण जो तो येतो आणि म्हणतो, "विलास पेंटर म्हणजे अगदी गरीब गाय हो." गरीब गाय? माझा भाऊ? गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे खरं, पण म्हणून खोटं बोलावं असं कुठं सांगितलंय?

दादा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. नव्वदच्या दशकात हायवेवरच्या ट्रकांच्या पाट्या, दुकानांची शटरं, खताच्या जाहिराती, सगळं तोच रंगवायचा. घरी लाकडी चौकटीवर ताणलेली बारीक जाळी होती, तिच्यातून रंग ओढून लग्नाच्या पिशव्या छापायचा. पण त्याचा जीव होता निवडणुकीच्या जुन्या भिंतींमध्ये. एकावर एक रंगवलेल्या घोषणा, पोपडे उडून खालचा रंग वर आलेला, कुठं अर्धी वेलांटी, कुठं तुटका काना... मला तिथं घाण दिसायची, तो मात्र सायकल थांबवून बघत उभा राहायचा. एकदा बाजारातल्या एका आडत्याच्या गोदामावर जाहिरात रंगवली आणि उरलेल्या रंगात बाजूच्या कोऱ्या भिंतीवर त्यानं तसलंच काहीतरी काढलं. न विचारता. निळे-पिवळे मोठे मोठे आकार, अक्षरासारखे, पण अक्षर एकही नाही.

झालं, सगळा बाजार ते वाचायला लागला. कुणी म्हणे शिवी आहे, कुणी म्हणे मोर्चाची खूण आहे. आडत्यानं दादाला भर बाजारात उभं केलं. "काय लिवलंय रं माझ्या भितीवर?"

"वाचायचं न्हाई, शेठ. बघायचं हाय."

"मंग नुसत्या रेघोट्या हायेत म्हन, अन् पूस. विषय संपला."

बघा, किती सोपं होतं. रेघोट्या आहेत म्हणायचं आणि घरी येऊन जेवायचं. दादा म्हणाला, "रेघोट्या न्हाईत. चित्र हाय." आम्ही बौद्ध वस्तीतली माणसं. आमच्या हातानं त्याच्या भिंतीवर त्याची जाहिरात चालायची, आमच्या डोक्यातलं काही चालायचं नाही, एवढा साधा हिशोब होता आणि दादाला तो पक्का ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी भिंतीवर चुना फासला गेला आणि बाजारातलं त्याचं काम बंद झालं. आई काकुळतीला आली, "आरं बाबा, म्हन की रेघोट्या. जीभ झिजंल का तुजी?" दादा म्हणाला, "व्हय, झिजंल."

मग एक दिवस खोक्यांच्या फळ्या घेऊन आला आणि पॉलिश पेपरनं घासत बसला. तेव्हा पोरं फळीला ट्रकची जुनी बेअरिंगं ठोकून गाडी करायची, तिच्यावर बसायचं आणि उतारावरून सुटायचं. दादानं भिंतीवरचंच चित्र जाळीतून फळ्यांवर छापलं. म्हणाला, "भित त्याची हाय. रस्ता न्हाई त्याच्या बापाचा." एका चित्राच्या अकराच फळ्या, प्रत्येकीच्या पाठीवर तिचा आकडा, आणि अकरावी निघाली की जाळी टराटरा फाडून टाकायचा. मी म्हटलं, "फाडतोस कशाला? छाप की अजून." तर म्हणे, "तेच तेच छापायला ह्या काय लग्नाच्या पिशव्या हायेत?"

हायवेवरून गावात उतरणारा रस्ता नेमका गोदामावरून जातो. पोरं खडखडाट करत तिथनं खाली जायची आणि चुना फासलेल्या भिंतीपुढून ते चित्र पळत जायचं. पळत्या फळीला कोण चुना फासणार? आडत्यानं मग घराघरांत निरोप धाडले, ज्याचं पोर त्या फळीवर दिसेल त्याच्या मालाला माझी आडत बंद. उतार एकदम शांत झाला. दादा त्या दिवशी ओट्यावर नुसता बसून होता, आणि त्याचं ते बसणं मला बघवेना. मी बारावीला होते. ओढणी कमरेला बांधली, फळी उचलली आणि वर गेले. सुटले ती थेट गोदामासमोरून. आडत्या पायरीवर उभा. "पोरगी हाय का कोन ही?" असं कुणीतरी म्हणालेलं ऐकू आलं. गुडघे फुटले, घरी मारही खाल्ला. पण दुसऱ्या दिवशी दोन पोरं आली, मग चार, मग सगळीच.

पुढं पुण्याच्या कॉलेजातले एक सर आले होते. त्यांना फळ्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये लावायच्या होत्या. दादानं चहा पाजला आणि सांगितलं, "सर, भितीवर लावली की चुना येतो. तुमी बसून बघा, उतार चांगला हाय." सर बसले नाहीत.

परवा सागरनं काच आणि चौकट आणली, फळी टांगायला भिंतीत खिळाही ठोकला. सगळ्या फळ्या झिजल्या, मोडल्या, आता ही एकच आहे. दादा ती दाराशीच ठेवायचा, गल्लीतलं पोर आलं की द्यायचा. मधला रंग बसून बसून गेलाय, कडेला तेवढा निळा शिल्लक आहे. सागर म्हणाला, "आत्या, पप्पांचं एवढंच ऱ्हायलंय. जपायला नको का?" त्याचं काय चुकलं? माझाही हात आखडला... तेवढ्यात शेजारची आरती दारात आली. महिनाभर बिचारी आली नव्हती. "आत्या, फळी नेऊ का?"

भिंतीत ठोकलेला खिळा मी उपटला आणि म्हटलं, "ने."

सागर तडक आत गेला. मला वाटलं, रुसला. तर तो तेलाची बाटली घेऊन आला, उकिडवा बसला आणि फळी उलटी करून बेअरिंगांत एकेक थेंब सोडायला लागला. "थांब गं जरा," आरतीला म्हणाला, "गोदामापाशी मागचं चाक अडकतंय हिचं."