आवडलं तर बोट दाब

या कंपवाताच्या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, हसू दिसणार नाही, म्हणून त्या नाराज आहेत असं समजू नका, असं डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं आणि घरात सगळ्यांच्या जिवात जीव आला. तेव्हापासून मी कितीही तोंड पाडून बसले तरी आतून खूशच आहे, असं धरलं जाऊ लागलं. जन्मभर फटकळ म्हणून नाव कमावलेल्या बाईची चांगलीच जिरली होती.

ह्यांनी लगेच एक पद्धत काढली. कॉलेजात तीस वर्षं प्रॅक्टिकल घेतलेला माणूस, खूण ठरवल्याशिवाय चैन पडायचं नाही. आपलं बोट माझ्या मुठीत द्यायचे आणि म्हणायचे, "आवडलं तर बोट दाब. स्वल्प दाबलंस तरी पुरे."

सुरुवातीला मी खरंच दाबत होते. मऊ सेट डोशाला, फोनवरच्या लेकीच्या आवाजाला. मग एका सकाळी डोसा तोंडात होता, बोट दाबून झालं होतं, आणि माझ्या लक्षात आलं की तो गरम आहे, मऊ आहे, यापलीकडे मला काहीच वाटलेलं नाही. हातानं आपलं आपणच उरकून टाकलं होतं.

मग मी चोरून स्वतःला तपासू लागले. समोरच्या बाई सुनेची गाऱ्हाणी घेऊन आल्या. एरवी त्यासाठी मी हातातलं काम टाकून बसायचे. त्या दिवशी त्या कधी उठून जातील एवढंच बघत राहिले, आणि गेल्यावर बरंही वाटलं नाही. दुःख झालं असतं तर निदान रडले असते. पण होती ती नुसती भीती. बाकी सगळं गेलं, ती मेली तेवढी ठणठणीत राहिली.

दसऱ्यावर मी सगळी भिस्त ठेवली होती. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. आम्ही घरात मराठी बोलतो, पण नवरात्रात बाहुल्या मांडतो त्या इथल्या रीतीनं. सगळ्यांत वरच्या पायरीवर माझ्या आईनं लग्नात दिलेली राजाराणीची लाकडी जोडी बसते. दरवर्षी पेटीतून काढून राणीचं तोंड पुसताना मला माहेरी गेल्यासारखा आनंद व्हायचा. या वर्षी ह्यांनी पेटी उघडून दिली, मी जुन्या धोतराचा कपडा सोडला, राणी मांडीवर घेतली आणि वाट बघत बसले. कितीतरी वेळ. ते लाकूड होतं, त्याला रंग दिलेला होता. अष्टमीला लेक यायची होती, आणि तिला बघूनही असंच झालं तर?

तसंच झालं. लेक पुण्याहून आली, दारातच गळ्यात पडली. ही माझी मुलगी, हिच्यावर माझा जीव आहे, हे मला पाठ होतं. पाठच होतं फक्त. ह्यांनी माझ्या मुठीत बोट दिलं आणि मी घाबरून दोनदा दाबलं. "दोनदा दाबलंन्," ते तिला म्हणाले, आणि तिला रडू आलं. पुढचे तीन दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हे सांगत होते. तेव्हा मला आजारापेक्षा ह्यांचीच जास्त भीती वाटायला लागली. हा माणूस माझ्या मुठीवर जगत होता.

दसरा झाला, लेक परत गेली. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं होतं. मी मुद्दाम गोळी वेळेवर घेतली, म्हणजे एरवी थरथरणारा माझा हात दोन तास शांत राहतो. चालणं, झोप, तोल, सगळं विचारून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, कशात मन रमतं का? मी तोंड उघडेपर्यंत हे म्हणाले, रमतं की, चेहऱ्यावर दिसत नाही एवढंच. आणि टेबलाखालून त्यांनी सवयीनं माझ्या मुठीत बोट दिलं.

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. दाबलं असतं तर सगळे सुखानं घरी गेलो असतो. पण पुढं कधीतरी हे स्वतः आजारी पडतील, आणि तेव्हाही आतून काहीच न वाटता मी अशीच बोट दाबत बसेन, हे मला एकदम दिसलं. मी हात तसाच ठेवला. ह्यांना वाटलं, मला ऐकू आलं नाही.

"अगं, रमतं ना?" ते हळूच म्हणाले.

मी दाबलं नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळानं माझ्या मुठीत थरथर जाणवली. सवयीनं मी खाली बघितलं. माझा हात अगदी स्थिर होता, ह्यांचं बोट थरथरत होतं.