अक्काचं ताक

पद्माचा फोन आला तेव्हा मी ताक घुसळत होतो. अक्का आठवडाभर साताऱ्याला लेकीकडंच होती, तरी सकाळ झाली की सवयीनं माझा हात रवीकडं जायचा. "मामा, आई गेली..." मंदिरातून आली, जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "घाबरली नव्हती ना गं?" पद्मा म्हणाली, "न्हाई मामा. नातवाशी हसत हसतच आडवी झाली." मला रडू आलं, पण त्याआधी सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

अक्का माझी थोरली बहीण. तासगावात माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. भाऊजी गेल्यावर तिला भीतीनं धरलं. कसली भीती, तर कसलीच नाही. सकाळी छातीत धडधड, पोटात गोळा, एसटी नुसती दिसली तरी हातपाय गार. नातू झाला, पण त्याला बघायला साताऱ्याला जाणं तिला जमेना. सांगलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि पोटातल्या जिवाणूंचा मनाशी संबंध असावा, खात्री नाही पण बघू, असं म्हणत प्रोबायोटिकच्या कॅप्सूलही लिहून दिल्या. मी जन्मभर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेलं, मला चेवच आला. आतड्यापासून मेंदूपर्यंतची वाट मी तिला कागदावर काढून दाखवली. तिनं एवढंच विचारलं, "ह्यात जीव किती?" मी अभिमानानं म्हणालो, "कोट्यवधी!" झालं. आम्ही जैन, त्यात अक्का पाणी गाळून पिणारी, दिवस मावळल्यावर न जेवणारी. कॅप्सूल परत.

"अगं, दह्यात काय कमी असतात?"

"दही आपलं आपण लागतंय. ते कुणी बाटलीत कोंडत न्हाई."

मग मला युक्ती सुचली. निष्क्रिय जिवाणूंची पूडही मिळते. उष्णतेनं मारलेले, पण त्यांचाही मनाला उपयोग होत असावा, असं काही संशोधक म्हणतात. "अक्का, ह्यात एकही जिवंत नाही." ती म्हणाली, "म्हंजे माझ्यासाठी समदे मारले व्हय रं?" इतकी वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता.

तेव्हा करू नये ते मी केलं. रोज सकाळी घरचं ताजं ताक तिला न्यायचं, त्यात ती पूड, आणि चव कळू नये म्हणून वर भाजलेल्या जिऱ्याची पूड. "ठेव रं तिथं. बस जरा," ती म्हणायची. मी अर्धा तास बसायचो. आधी ती नुसती छातीवर हात ठेवून असायची. मग हळूहळू बोलू लागली... भाऊजींचं घोरणं, बेदाण्याच्या शेडवरचे दिवस, लहानपणच्या माझ्या चोऱ्या. काही महिन्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेली. आणि एक दिवस पिशवी भरून म्हणाली, "चल, स्टँडवर सोड." साताऱ्याच्या वाटेवर उंब्रज आल्यावर तिनं गाडीतून फोन केला, "बाळू, हातपाय गरम हायत." मी तोवर स्टँडवरच बसून होतो.

विज्ञान जिंकलं म्हणून मनातून खूश होतो. पण वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची, त्या क्षमावणीच्या दिवशी तिच्यापुढं हात जोडले की 'कळत नकळत चुकलं असेल तर', एवढंच पुटपुटायचो. कळून सवरून केलेलं सांगितलं नाही. सांगितलं तर तिची भीती परत येईल, ही माझी सबब. ती गेली आणि क्षमा मागायला माणूसच उरलं नाही. महिनाभर मला अन्न गोड लागलं नाही.

परवा पद्मा अक्काचं घर आवरायला आली. मी गेलो तर परसात कढीपत्त्यापाशी उभी होती.

"मामा, ताक आणलं न्हाईसा?"

"आता कुणाला?"

"ह्याला. आई समदं ह्यालाच घालायची. पहिल्याच घोटाला थुकली. 'बाळू कायतरी मिसळतोय,' म्हणाली मला."

"मग मला का नाही बोलली?"

"बोलले तर लाजंल, आन यायचा बंद हुईल, म्हणाली."

म्हणजे तिचा नेम मोडलाच नव्हता! आणि 'पिते' असं ती एकदाही म्हणाली नव्हती, हेही तेव्हाच ध्यानात आलं. मी हसत सुटलो, डोळे पुसत पुसत. ती बरी कशानं झाली? गोळ्यांनी असेल. दुसऱ्याही कशानं असेल... जिवाणूंना मी नावं ठेवणार नाही, बिचाऱ्यांची परीक्षा झालीच नाही.

कढीपत्ता छपराला टेकलाय. रोज सकाळी मी त्याला ताक घालतो, बिनपुडीचं. तांब्या रिकामा होतो, पण मी लगेच उठत नाही. अर्धा तास बसतो.