फोटोतली आई

आई गेली तेव्हा तिचा एकही फोटो नव्हता, आणि धाकट्या भावाला वर्षश्राद्धाला हार घालायला फोटो हवाच होता. बाळीवेशीतला फोटोवाला मला म्हणाला, "तुमीच बसा की!" भावाला न सांगता मी आईचं लुगडं नेसून बसले. माझ्या केसांना राख फासून तो मान तिरकी करून बघत राहिला.

"भाऊ ओळखेल हो," मी म्हटलं.

काळ्या फडक्याआडून तो हसला. "न्हाय वळखत, बाई. आईचं तोंड कोण बगतंय? नथ आन् कुंकू तेवढं ठसठशीत पायजे."

फोटो बघताच भाऊ रडला. "आईच की गं, अक्का! हुबेहूब!"

मी फोटोवर बोट ठेवलं. "अरे, तिच्या हनुवटीवरचं गोंदण कुठंय?"

"आईला गोंदण होतं?" त्यानं विचारलं.