रिकामा मिक्सर

मिक्सरची मोटर तापल्याचा वास आला की मला लॉकडाऊनमधलं सिडकोतलं आमचं घर आठवतं. मी सहावीत होते, शाळा मोबाईलवर भरायची आणि पप्पांची अंबडची कंपनी बंद असल्यामुळे ते दिवसभर गॅलरीत बसून असायचे. त्या दिवशी माझा तास चालू असताना आईने मिक्सर लावला, तो काही थांबेचना. "अगं, कसला आवाज येतोय?" मॅडम वैतागल्या, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. आई एका हाताने झाकण दाबून, दुसऱ्या हाताने ओढणी तोंडावर धरून भिंतीकडे बघत उभी होती. मिक्सरमुळे ती हलतेय की आपली आपणच, ते मला समजेना. झाकणातून भांडं रिकामं दिसत होतं. "आई, यात काहीच नाहीये." "चटणी करतेय. तू तासाला बस." जळका वास सुटला तेव्हा पप्पांनी येऊन बटण बंद केलं, भांड्यात पाहिलं आणि परत गॅलरीत जाऊन बसले. दुपारी ताटात नुसती खिचडी होती. "चटणी मस्त झालीये," पप्पा आईकडे न बघता म्हणाले. आईने सुजलेल्या डोळ्यांनी मान हलवली. मला काहीच कळलं नाही, पण मीही "हो" म्हणाले. अजूनही आईने मिक्सर लावला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत जाते आणि आधी भांड्यात बघते.