चार पायांचा नवस

निम्मं घर सारवून झालं होतं आणि निम्मं राहिलं होतं, कारण राहिलेल्या निम्म्यावर सूर्यभान बसला होता. दोन दिवस झाले, तो तिथून हलला नव्हता. बानाबाईनं शेणाचा हात तसाच धरून विचारलं, जरा सरकता का? तो सरकला, वीतभर. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण एवढा आज्ञाधारकपणा तिनं आजच पाहिला.

घर औरंगाबादच्या मुकुंदवाडीत, माणसं मूळची मेंढरामागची. मेंढरं गेली तेव्हा सूर्यभान चिकलठाण्याच्या एका कारखान्यात बदली कामगार म्हणून लागला. चार महिने ठेवायचे, काढून टाकायचे. तिसऱ्यांदा काढलं तसा हा पठ्ठ्या शहराजवळच्याच सातारा गावच्या खंडोबापुढं जाऊन बोलून आला, की पर्मनंट होईस्तोवर पायात पायताण घालणार नाही. बायकोला विचारलं नाही. कालवणात मीठ किती घालावं हे बायकोनं नवऱ्याला विचारावं आणि देवाशी करारमदार नवऱ्यानं परस्पर करावेत, अशी रीतच आहे.

तीन वर्षं तो गवंड्याच्या हाताखाली अनवाणी राबला. त्याच्या टाचांच्या भेगांत रोज तेल कुणी भरायचं, ते नवसात ठरलं नव्हतं. ते आपोआप ठरलं. आणि देव पावला. कारखान्याचं बोलावणं आलं. सोमवारी हजर व्हा, सहा महिने काम बघू, मग पर्मनंट. फक्त कंपनीचे बूट घातल्याशिवाय फाटकातून आत सोडणार नाही. बूटही दिले. ते काखेत मारून सूर्यभान घरी आला आणि बसला तो बसलाच. बूट घातल्याशिवाय पर्मनंट नाही, पर्मनंट झाल्याशिवाय बूट नाही. स्वतःला असं अडकवून घ्यायला डोकं लागतं, आणि ते त्याला पहिल्यापासून होतं.

साताऱ्याला जाऊन गुरवाला विचारावं, तर वाट बंद. विद्यापीठाच्या नामांतरावरून औरंगाबाद पेटलेलं, संचारबंदी लागलेली. शेजारच्या लक्ष्मीबाईचा नवरा साहेबराव नामांतराच्या सत्याग्रहात जाऊन तुरुंगात बसलेला. लक्ष्मीबाई भिंतीपलीकडून म्हणाली, "माझा मालक आत हाय, पर कशापायी ते चार लोकांत सांगता येतं मला. तुमचे मालक घरातच आत बसलेत, त्याचं काय सांगावं?"

बानाबाईनं हात धुतले. रविवार होता, खंडोबाचाच वार. तिनं देव्हाऱ्यातला खंडोबाचा चांदीचा टाक ताटात ठेवला, भंडारा वाहिला आणि नवऱ्याला शेजारी बसवलं.

"पूजेला मी तुमच्या हाताला हात लावते, ते कशापायी वं?"

"रीत हाय. निम्मं पुण्य बायकोला जातं."

"मंग नवस बी निम्मा माझा. दोघांचे मिळून पाय चार. त्यातले दोन अनवाणी ऱ्हायले की देवाचं भागलं."

सूर्यभाननं टाकाकडं पाहिलं. "देव मानंल का पर?"

"त्याला दोन बायका हायेत. घरात कुणाचं ऐकावं ते त्याला तुमच्यापरीस लई चांगलं ठावं हाय."

तिनं चपला काढून पत्र्याच्या पेटीत टाकल्या. म्हणाली, मल्हारीराया, आजपासून अनवाणी पाय माझे, ह्यांच्या पायांना मोकळं कर. सूर्यभाननं चिमूटभर भंडारा तिच्या कपाळाला लावला. मग म्हणाला, "आन् तुझ्या टाचा?"

तीन वर्षांत दुसऱ्या कुणाला टाचा असतात हे त्याला पहिल्यांदाच आठवलं होतं. बानाबाईनं तेलाची बाटली कुठं असते ते दाखवून ठेवलं.

सोमवारी कारखान्याची गाडी पोलिसांचा पास लावून आली. बूट घालून सूर्यभान नव्यानं नाल ठोकलेल्या बैलासारखा चालत गेला. गाडीत चढताना त्यानं वळून पाहिलं ते तिच्या तोंडाकडं नाही, पायांकडं.

संचारबंदी दोन तास उठली होती. बानाबाईनं ज्वारीचा डबा डोक्यावर घेतला आणि ती अनवाणीच दळण दळून आणायला गिरणीवर निघाली.